पोराला होडीवर पाठवायचं नाही, मग कुठे घालू?



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. ट्रॉलर जेटीला लागलेत, जाळी शिवायला काढलीत, आणि संस्थेच्या कार्यालयात रोज एक तरी पालक वरचाच प्रश्न घेऊन येतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आमचं म्हणणं, वीज आणि पाणी या दोन कामांकडे बघा. ही कामं इथेच गोव्यात आहेत आणि त्यातलं बरंचसं आपली मुलं होडीवर शिकलेली असतात. पंप पाणी का उचलत नाही, इम्पेलर झिजलाय की हवा धरलीय, हे आपला सोळा वर्षांचा मुलगा आवाजावरून सांगतो. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये पंप मोठे, पण दुखणी तीच. अडतं ते कागदापाशी. दहा वर्षं इंजिन खोललेल्या माणसाला अर्जात लिहायला काहीच नसतं.

तो कागद आयटीआयचा. इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन दहावीनंतर दोन वर्षं, डिझेल मेकॅनिक एक वर्ष. वायरमन आणि प्लंबर या ट्रेडना आठवी पासही चालतो, ही गोष्ट दहावी नापास मुलांच्या घरी कोणी सांगतच नाही. दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फर्मागुडी, वास्को, काणकोण, कुठे कुठला ट्रेड आहे ते आधी फोन करून विचारा. नंतरची अप्रेंटिसशिप मात्र टाकू नका. स्टायपेंड थोडा असतो, ट्रॉलरच्या एका फेरीत जास्त सुटतात, मान्य. पण नोकरी देणारा अनुभवाचा कागदच मागतो.

सोलरबद्दल खूप विचारणा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, घराच्या छतावर तीन किलोवॅट बसवले तर ७८,००० रुपये अनुदान. त्यामुळे काम वाढलंय. पण गेल्या वर्षी आपल्याच एका सभासदाच्या मुलाने एका खासगी क्लासला पस्तीस हजार भरून तीन महिन्यांचा 'सोलर डिप्लोमा' केला. सर्टिफिकेट रंगीत, मान्यता कसलीच नाही. कंत्राटदाराने एकच विचारलं, "इलेक्ट्रिशियन आहेस का?" आता तो आयटीआयला पहिल्या वर्षात बसतोय. तेव्हा आधी इलेक्ट्रिशियन, मग सोलर. आणि पैसे भरण्याआधी सरकारी मान्यता आहे का ते बघा, कळत नसेल तर कागद आमच्याकडे आणा.

पाण्याच्या कामाकडे मुलं कमी वळतात. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. नळ लागले, आता ते चालते ठेवायला माणसं हवीत. ओपा असो की साळावली, नदी-धरणाचं पाणी आधी तुरटीने निवळतात, मग गाळतात, मग क्लोरीन देतात. हे रात्रंदिवस चालतं, म्हणून पाळीची ड्युटी. रात्री जागायची सवय आपल्या लोकांना नवीन नाही.

सांडपाणी म्हटलं की आया नाक मुरडतात. पणजीत टोंकाला मोठा प्रकल्प आहे, मोठ्या हॉटेलांचे स्वतःचे असतात, आणि ते चालवायला पंप, मोटर, पॅनल कळणारा माणूस लागतो. न शुद्ध केलेलं पाणी खाडीत आलं की तिसऱ्या, शिनाणे कुणाचे जातात ते वेगळं सांगायला नको. हे काम आपल्या पोराने केलं तर आम्हाला तरी अभिमानच वाटेल.

राहिली सरकारी नोकरी. खात्यांतली बरीच भरती आता गोवा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या संगणक परीक्षेतून होते. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान लागतं. "वीज खात्यात चिकटवतो, एवढे दे" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. २०२४ मध्ये नोकरीच्या नावाने पैसे उकळणाऱ्यांना गोव्यात अटका झाल्या, पण बुडालेल्यांत दागिने मोडलेली घरंही होती.

बंदी संपेपर्यंत सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते १ आम्ही कार्यालयात अर्ज भरून देतोय. गुणपत्रिका, आधार, वास्तव्याचा दाखला आणि दोन फोटो आणा. मुलाला सोबत आणा, नुसते पालक येऊ नका. मुलींनाही आणा, इलेक्ट्रिशियनला मुली चालतात का असं परवा एका काकीने विचारलं. चालतात.