जुनी मोटार, नवे एंजिन

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली म्हणजे ती वर्षानुवर्षे अखंड धगधगत राहते. परंतु तिच्या पोटातील अग्निरोधक विटांचे अस्तर वितळलेल्या लोखंडाच्या व धातुमळीच्या माऱ्याने हळूहळू झिजत जाते. अखेर भट्टी थंड करून ते अस्तर काढावे व नवे बसवावे लागते. बाहेरचे पोलादी कवच व पाया मात्र तेच राहतात. मोटारगाडीच्या बाबतीतही असाच प्रसंग येतो. गाडीचा सांगाडा, चाके व पत्रे धडधाकट असतात, आणि एंजिन मात्र थकून जाते. असे एंजिन घरच्या घरी उतरवून त्या जागी दुसरे बसविता येते काय, आणि ते करताना कोठे जपावे लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम झीज म्हणजे काय ते पाहू. उदाहरणासाठी एम्‌. जी. ए. ही दोन आसनांची इंग्रजी स्पोर्ट्स मोटार घेऊ. ही गाडी १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. तिच्या पहिल्या एंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने व चाराने गुणिले म्हणजे १,४८९ घन सेंटिमीटर हा आकडा येतो; एंजिनाचे आकारमान म्हणून सांगतात ते हेच. मिनिटाला ४,००० फेरे होत असताना प्रत्येक दट्ट्या सेकंदाला सरासरी पावणेबारा मीटर धावतो. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तो मिनिटाला ८,००० वेळा क्षणभर थांबून उलट फिरतो. दट्ट्या वेगात असतो तेव्हा त्याच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा टिकून राहतो. वरच्या टोकाशी वेग शून्य होतो आणि नेमक्या त्याच क्षणी स्फोटाचा दाब व उष्णता सर्वाधिक असते. तेथे पापुद्रा फाटतो व धातूला धातू घासतो. म्हणूनच जुन्या सिलिंडरच्या तोंडाशी बोटाने चाचपल्यास एक बारीक कंगोरा लागतो. कंगोऱ्याच्या वर कडी कधी पोहोचत नाही, म्हणून तो भाग मूळ मापाचा राहिलेला असतो. त्याच्या लगेच खाली झीज सर्वांत अधिक असते.

सिलिंडर ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा असतो. करड्या बिडात ग्राफाइटच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात. त्या स्वतः वंगणाचे काम करतात व तेलही धरून ठेवतात. असे असूनही बिडाला दोन शत्रू आहेत. एक धूळ. मातीतील क्वार्ट्झचे कण बिडाहून कठीण असतात. हवेच्या गाळणीतून ते आत शिरले तर तेलात मिसळून कानशीचे काम करतात. दुसरा शत्रू अनपेक्षित आहे, तो म्हणजे थोडा प्रवास. पेट्रोल जळून पाण्याची वाफ व काही आम्लधर्मी वायू निर्माण होतात. भिंती थंड असल्या म्हणजे ही वाफ त्यांवर निवते व धातू गंजतो. भिलाईच्या एखाद्या सेक्टरातून कारखान्याच्या दारापर्यंत चार-पाच किलोमीटर जाऊन दिवसभर उभी राहणारी मोटार अशा रीतीने झिजते, आणि मालकाला मात्र वाटत असते की, गाडी आपण अगदी बेताने वापरतो. स्पोर्ट्स मोटारीला याखेरीज वेगाची किंमत मोजावी लागते. दट्ट्याला उलट फिरविण्यास लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३,००० ऐवजी ४,५०० फेरे केले की ते दीडपट न होता सव्वादोनपट होते. हा सर्व भार भुजादंडाच्या धारव्यांवर पडतो, आणि या एंजिनात मुख्य धारवे अवघे तीन आहेत.

एंजिन खरोखर जीर्ण झाले आहे की नाही, याची परीक्षा केल्याशिवाय पान्याला हात लावू नये. धुराड्यातून निळा धूर येतो एवढ्यावरून निदान होत नाही. झडपांच्या मार्गदर्शक नळ्या सैल झाल्या तरी तेल आत उतरते. चांगली रीत अशी : एंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि प्रत्येक सिलिंडरचा संपीडन-दाब मापकाने पाहावा. एखाद्याचा दाब इतरांहून एक दशांशापेक्षा अधिक कमी भरला, तर त्यात प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर कड्या किंवा सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजली. दाब तसाच राहिला तर दोष झडपांचा किंवा वरच्या झाकणाखालील गॅस्केटचा असण्याचा संभव अधिक. त्यासाठी सबंध एंजिन उतरविणे म्हणजे दातदुखीवर जबडा बदलण्यासारखे होईल. तेलाचा दाबही पाहावा. गाडी गरम होऊन वेगात असताना तो दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या आसपास राहिला पाहिजे. तो फार खाली गेला आणि तळातून खोल ठोके ऐकू येऊ लागले तर धारव्यांनी राम म्हटला असे समजावे.

कामगारांच्या बोलीत मोजमापाचे लहान एकक म्हणजे सूत, अर्थात इंचाचा आठवा भाग. एंजिनाच्या कामात सूत फारच ढोबळ ठरते. येथे हिशेब इंचाच्या सहस्रांशाचा असतो. सिलिंडरची झीज आठ-दहा सहस्रांशांवर गेली की नुसत्या कड्या बदलून भागत नाही. मग दोन मार्ग उरतात. सिलिंडर यंत्रावर कापून मोठे करावेत व मोठ्या मापाचे दट्टे घालावेत. किंवा सबंध एंजिन बदलावे. पहिला मार्ग शास्त्रशुद्ध व बहुधा स्वस्तही आहे. परंतु ठोकळ्याला तडा गेला असेल, सिलिंडर पूर्वीच शेवटच्या मापापर्यंत कापून झाले असतील किंवा योग्य दट्टे मिळत नसतील, तर तो बंद होतो.

भारतात तो पुष्कळदा बंदच असे. १९५३ नंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथून काढता पाय घ्यावा लागला. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा जुळणी-कारखानाही बंद पडला. ज्यांच्याकडे इंग्रजी स्पोर्ट्स मोटारी होत्या त्यांना सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. एम्‌. जी. ए.च्या मालकांच्या बाबतीत मात्र योगायोग अनुकूल ठरला. ऑस्टिन आणि मॉरिस हे इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी गट १९५२ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाले होते, आणि या संस्थेने आपल्या अनेक गाड्यांसाठी ‘बी’ मालिकेचे एकच एंजिन योजिले होते. मॉरिस ऑक्सफर्ड या घरगुती गाडीत व एम्‌. जी. ए.मध्ये ते एकाच मापाचे होते. याच ऑक्सफर्डच्या धर्तीवर हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाडा येथे ॲम्बॅसडर बनविली आणि १९५९ च्या सुमारास तिच्यात हेच १,४८९ घन सेंटिमीटरचे, वरून उघडणाऱ्या झडपांचे एंजिन आले. सरकारी साहेबांना कचेरीत नेणाऱ्या संथ गाडीच्या आणि वाऱ्याशी स्पर्धा करणाऱ्या लाल दुआसनीच्या पोटात एकच ठोकळा असावा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही.

याचा अर्थ ती दोन एंजिने सर्वस्वी सारखी होती असा नव्हे. ॲम्बॅसडरचे एंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे होते, एम्‌. जी. ए.ने त्याच मापातून प्रथम ६८ व लवकरच ७२ अश्वशक्ती मिळविली. हा फरक ठोकळ्यात नव्हता. दोन कार्बोरेटर, अधिक संपीडन, झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमदंड व मोकळे धुराडे यांत तो होता. म्हणून जुन्या एंजिनाचे वरचे झाकण, कार्बोरेटर आणि नळ्या सुस्थितीत असतील तर त्या नव्या ठोकळ्यावर चढवाव्यात. पुढचा आधारपत्रा, गिअर-पेटीकडील मागचा पत्रा, तेलाची परात व प्रचक्र हे भागही जुन्यावरून नव्यावर येतात की नाही, ते दोन्ही एंजिने जमिनीवर शेजारी ठेवून मोजावे. एक गोष्ट हमखास विसरली जाते : एम्‌. जी. ए.च्या फेरेमापकाला कॅमदंडाच्या मागील भागावरील दंतचक्रापासून चालना मिळते. ॲम्बॅसडरला फेरेमापकच नाही, म्हणून तिच्या कॅमदंडावर ते चक्रही नाही. शिवाय ‘ॲम्बॅसडरचे एंजिन’ एवढ्या वर्णनावर विसंबू नये. १९८० पासून तिच्यात डिझेल एंजिनही येऊ लागले, पुढे इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल एंजिन आले, आणि २०१४ मध्ये गाडीचे उत्पादनच थांबले. यांपैकी केवळ जुने पेट्रोल एंजिन येथे उपयोगी आहे.

आता प्रत्यक्ष काम. हे एंजिन दीड क्विंटलाहून जड आहे. गिअर-पेटीसह ते दोन क्विंटलांच्या घरात जाते. एवढे वजन माणसाच्या अंगावर पडले तर वाचण्याची आशा नसते, आणि घरगुती कामातील अपघात बहुधा याच ठिकाणी होतात. क्वार्टरच्या अंगणातील लिंबाची फांदी किंवा गॅरेजच्या छपराची तुळई कितीही भक्कम दिसली तरी तिच्या ताकदीचा आकडा कोणाला ठाऊक नसतो. ज्यावर भारक्षमता कोरलेली आहे अशी अर्ध्या किंवा एक टनाची साखळी-कप्पी आणि पोलादी नळांची तिवई भाड्याने आणावी. तिवईचे पाय सरकू नयेत म्हणून ते खालून साखळीने एकमेकांस बांधावेत. गाडीखाली शिरणे भाग असल्यास ती जॅकवर ठेवून शिरू नये, आणि विटांच्या थरावर तर मुळीच नाही. वीट सूचना न देता फुटते. टांगलेल्या एंजिनाखाली हात वा पाय क्षणभरही नेऊ नये.

आरंभ विद्युत्‌घटांपासून करावा. एम्‌. जी. ए.मध्ये सहा-सहा व्होल्टचे दोन घट आसनांमागे झाकणाखाली असतात, आणि त्यांचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असतो. ही उलट वाटणारी जोडणी ध्यानात न ठेवता नवा जनित्र लावला तर तो बिघडतो. मग पाणी व तेल काढून घ्यावे, पेट्रोलची नळी सोडून तिचे तोंड बंद करावे, बॉनेट उतरवावे आणि रेडिएटर बाहेर घ्यावा. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. हा सल्ला क्षुल्लक वाटतो. परंतु काम दोन दिवसांत आटोपेल असे ठरविलेले असते, आणि ते तीन रविवार चालते. तिसऱ्या रविवारी कोणती तार कोठली, हे कोणालाच आठवत नाही.

गिअर-पेटी गाडीतच ठेवावयाची असेल तर तिच्याखाली आधार दिल्यावरच मधले बोल्ट सोडावेत. एंजिन प्रथम सरळ पुढे ओढून घ्यावे; गिअर-पेटीचा दांडा क्लचच्या तबकडीतून पूर्ण निसटल्याशिवाय ते वर उचलू नये. दांड्यावर एंजिनाचा भार आला तर तबकडी वाकते, आणि हे गाडी पुन्हा रस्त्यावर आल्यानंतरच समजते. नवे एंजिन बसविताना हाच दांडा सर्वांत अधिक छळतो. तबकडी अगदी मध्यावर असावी म्हणून त्याच जाडीचा लाकडी दांडा खरादावर करून घ्यावा, तो घालून तबकडी नेमकी बसवावी व मगच क्लचचे बोल्ट आवळावेत. एवढे करूनही शेवटचे बोटभर अंतर मिटत नसेल तर बोल्टांनी ओढून मिटवू नये. गाडी गिअरमध्ये घालून मागचे चाक किंचित फिरवावे. दाते जुळले की एंजिन आपोआप आत सरकते.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून स्टार्टरने एंजिन रिकामे फिरवावे. तेल धारव्यांपर्यंत पोहोचून दाबमापकाचा काटा हलेपर्यंत ठिणगी देऊ नये, कारण कोरड्या धारव्यांवर घालविलेले पहिले अर्धे मिनिट पुढील हजारो किलोमीटरांइतकी झीज करू शकते. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. सर्व काही बरोबर असूनही एंजिन केवळ कार्बोरेटरमधून फटाके उडवीत असेल, तर वितरक अर्धा फेरा उलटा बसला आहे काय ते आधी पाहावे.

कागदपत्रांचे काम मात्र एंजिन हलविण्याच्या आधीचे आहे. एंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो, आणि गाडीतील फेरबदलांचे नियमन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने होते. म्हणून दुसरे एंजिन विकत घेताना त्याची पावती घ्यावी, परिवहन कार्यालयाची पूर्वसंमती मिळवावी आणि विम्याच्या कागदावरही नवा क्रमांक चढवावा. संमती नाकारली गेली तर जुनाच ठोकळा यंत्रावर कापून किंवा त्यात नवे अस्तर बसवून घेण्याचा मार्ग मोकळा असतो. त्यासाठी जुने एंजिन भंगारात घालण्याची घाई करू नये.

पहिले ८०० किलोमीटर गाडी बेताने, परंतु एकाच वेगाने न चालविता वेग कमीजास्त करीत चालवावी. नव्या कड्या भिंतीशी अशानेच जुळतात. मग तेल गरम असतानाच काढून पांढऱ्या फडक्यातून गाळावे. फडक्यावर करडी, पिठासारखी बारीक पूड दिसली तर चिंता नको. ती कड्या रुळल्याची खूण आहे. परंतु चंदेरी किंवा तांबूस पापड्या चमकल्या तर त्या धारव्यांच्या आहेत, आणि तेलाची परात त्याच दिवशी पुन्हा उतरविली पाहिजे.