पदवीच्या खर्चाचा ताळा



आपल्या इचलकरंजीत जुना यंत्रमाग जरी विकत घ्यायचा झाला, तरी घरातली माणसं दहा प्रश्न विचारतात. माग किती वर्षांचा, दिवसाला कापड किती निघतं, पिकाला मजुरी काय मिळते, वीजबिल किती, बँकेचा हप्ता भागून हातात काय उरतं. १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून हा हिशेब गावाच्या अंगवळणी पडलाय. पण त्याच घरात पोराच्या पदवीसाठी सहा-सात लाख काढायची वेळ आली, की आपण एकच प्रश्न विचारतो, "पहिली फी कधी भरायची?"

हे मी दुसऱ्याच्या घरचं सांगत नाही. थोरल्याच्या वेळी आम्हीही असंच केलं. चार मागांतले दोन विकले, वर कर्ज काढलं. माहितीपत्रकावर एका मुलाचा फोटो होता आणि खाली त्याचा भलामोठा पगार. आमचा पोरगा प्रामाणिकपणे शिकला, पास झाला आणि पुण्यात अठरा हजारांवर लागला. त्याची काही चूक नव्हती. आम्ही ताळाच करून बघितला नव्हता. यंदा धाकटी बारावी झाली. नातेवाईक म्हणाले, "एकावर एवढा खर्च झाला, आता पोरीला कशाला?" म्हणून या खेपेला गटाच्या बैठकीत वही उघडून सगळा हिशेब मांडला. तोच आज तुम्हाला सांगते.

पहिलं काम, फी विचारायच्या आधी पाटी वाचायची. आपण सगळ्यालाच 'प्रायव्हेट कॉलेज' म्हणतो, पण त्यात प्रकार आहेत. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं उभी राहिली. अशी महाविद्यालयं खासगी असली तरी विद्यापीठाशी संलग्न असतात. आपल्या गावातली डीकेटीईची टेक्स्टाईल आणि इंजिनिअरिंगची संस्था १९८२ सालची, ती या प्रकारातली. अशा ठिकाणची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. बहुतेक जागा सीईटीनंतरच्या कॅप फेऱ्यांतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून भरतात.

दुसरा प्रकार स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठाचा. आपल्याजवळचं अतिग्रे इथलं संजय घोडावत विद्यापीठ या प्रकारात मोडतं. तिसरा प्रकार अभिमत विद्यापीठाचा, जसं कोल्हापुरातलं डी. वाय. पाटील. या दोन प्रकारांत फी ठरवण्याची पद्धत वेगळी असते. शिक्षण चांगलं की वाईट, हे पाटीवरून कळत नाही. पण सरकारी सवलत मिळणार की नाही, हे मात्र पाटीवरूनच कळतं.

आता लेकींच्या आयांनी कान देऊन ऐका. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारनं एक निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि ओबीसी, या वर्गांतल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा तिन्ही महाविद्यालयांत ही सवलत आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ती नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर या निर्णयातून सरळ वगळली आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी आधीपासूनच वेगळ्या योजना आहेत.

म्हणजे बघा, तीच शाखा, तेवढीच चार वर्षं. एका दारानं गेलं तर शिक्षण शुल्क शून्य, दुसऱ्या दारानं गेलं तर लाखांत. काही घरांत घाई होते. "जागा संपतील" म्हणून कोणी सांगतं आणि कॅपची यादी लागायच्या आधीच पैसे भरून मोकळे होतात. तिथंच सवलत हातची जाते. माफी मिळाली तरी वसतिगृह, मेस, एसटीचा पास, पुस्तकं आणि महाविद्यालयाचे इतर आकार भरावे लागतात, तेही वहीत लिहा.

आता कर्जाचा हिशेब. उदाहरण म्हणून वर्षाला दीड लाख फी धरू, चार वर्षांचे झाले सहा लाख. व्याज दहा टक्के धरू. शिकत असताना आणि पुढं एक वर्ष बँक सहसा हप्ता मागत नाही, पण व्याज चढतच असतं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं सरळव्याज ७५ हजार. दुसऱ्या वर्षीच्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३०. बेरीज २ लाख १० हजार. म्हणजे हप्ते सुरू होतात त्या दिवशी कर्ज सहा लाख नसतं, ८ लाख १० हजार असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये. शेवटी हातून जातात १२ लाख ८४ हजार. सहा लाखांच्या दुपटीहून जास्त.

गटात आपण शेकडा दोननं घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, तरी ते डोईजड होत नाही, कारण रक्कम लहान असते आणि वर्षात फिटते. इथं दर कमी दिसतो, पण मुदत लांब असते आणि ती मुदतच पैसे खाते. यावर एक उपाय आहे. शिकत असतानाच महिन्याच्या महिन्याला व्याज भरत गेलात, तर पहिल्या वर्षी महिना १,२५० रुपये पडतात, चौथ्या-पाचव्या वर्षी ५,०००. मग हप्ता ७,९३० च्या आसपास येतो आणि एकूण सव्वा लाखाच्या जवळपास वाचतात. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे घराची कागदपत्रं. सही करण्याआधी हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

आता मिळकतीची बाजू. माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा पगार एकाच मुलाचा असतो. आपण मधल्या मुलाचा पगार विचारायचा. वर्गातली मुलं पगाराप्रमाणे ओळीनं उभी केली, तर बरोबर मधोमध जो उभा राहील, त्याचा. देशातल्या संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफकडे ज्या संस्था माहिती देतात, त्यांना ती आपल्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. किती पास झाले, किती नोकरीला लागले आणि मधला पगार किती, हे सगळं त्यात असतं. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला मोबाईलवर काढायला सांगा, आपल्या शाखेचं वेगळं विचारा.

आणखी एक. पदवीची कमाई म्हणजे पूर्ण पगार नव्हे. पदवी नसती तरी पोरगा किंवा पोरगी काहीतरी मिळवतीच. समजा, गारमेंटमध्ये दहा हजार मिळाले असते आणि पदवीनंतर अठरा मिळतात. मग पदवीनं वाढवले ते आठ हजार, आणि हप्ता १०,७०० चा. त्यात पुण्यातली खोली आणि मेस वेगळीच. आमच्या घरी नेमकं हेच झालं, थोरल्याच्या हप्त्याला अजून दर महिन्याला घरातून पैसे जातात. आमच्या गटानं म्हणून एक माप ठरवलंय: मधल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून हप्ता मोठा नसावा. १०,७०० चा हप्ता असेल, तर मधला पगार ३२ हजारांच्या आत नको.

मग खासगी विद्यापीठात कधीच जाऊ नये का? तसं मुळीच नाही. हवी ती शाखा दुसरीकडे मिळत नसेल, संस्थेनं स्वतःची शिष्यवृत्ती लेखी दिली असेल, मधला पगार या मापात बसत असेल, तर जरूर जावं. शिष्यवृत्ती पहिल्याच वर्षापुरती आहे की चारही वर्षं, हे पत्रात लिहून घ्या. औषधनिर्माण शास्त्र असेल तर फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का बघा, ती नसेल तर पदवी असूनही फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. प्रवेशासाठी देणगी मागणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे, तीही विसरू नका.

पैशात न मोजता येणारंही खूप असतं. शिकलेल्या पोरीचा शब्द घरात चालतो, अडचणीत तिला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. ते मलाही कळतं. पण कर्जाखाली दबलेल्या पोरीला त्यातलं किती भोगायला मिळणार, याचाही विचार करा.

आता गटानं काय करायचं ते सांगते. निकालाची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा आणि लागत असेल तर नॉन-क्रीमी लेयरचा दाखला, आधारशी जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं, हे आताच तयार ठेवा. प्रवेश झाल्यावर महाडीबीटीवर अर्ज भरायचा असतो, तो दरवर्षी भरावा लागतो. गटातली एखादी शिकलेली सून किंवा मुलगी या कामाला नेमा. ज्या घरात यंदा बारावीचं पोर आहे, त्या घराचा ताळा पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर करा.

आमच्या धाकटीचा ताळा असा निघाला: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ, बाकीचा खर्च वर्षाला चाळीस हजार धरला, तर चार वर्षांचे एक लाख साठ हजार. तिच्या भावाच्या शिक्षणाला एकूण जे लागणार आहे, त्याच्या आठव्या हिश्श्यात ही पदवीधर होईल. हा आकडा मी त्याच नातेवाइकांना वाचून दाखवला. तिनं कॅपचा अर्ज भरलाय, यादीची वाट बघतोय.

तुमच्या वहीत काय निघतं, तेही कळवा. नमस्कार.