'बोर्ड' : एका फळीचा अर्थविस्तार

होटगी जंक्शनच्या नामफलकास कोणी फलक म्हणत नाही, तो 'बोर्ड'. दहावीची परीक्षा बोर्डाची, विजेची बटणे बोर्डावर, कॅरमचाही बोर्डच, आणि होटगी रस्त्यावरील विमानतळावर हाती पडतो तो बोर्डिंग पास. एकाच शब्दाच्या वाट्याला इतके निरनिराळे अर्थ कसे आले?

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ लाकडी फळी. फळी भिंतीला टांगली की सूचनाफलक होतो. आपल्या 'फळा' शब्दाचे नातेही फळीशीच आहे. जहाजाची बाजू फळ्यांची, म्हणून जहाजावर चढण्यास तोच शब्द लागला. विमानाचा बोर्डिंग पास त्याचाच वंशज. परंतु आपल्या दृष्टीने मोलाची शाखा निराळी आहे. फळी टेकूंवर ठेवली की मेज झाले. मेजावर अन्न येते, म्हणून अन्नासही 'बोर्ड' म्हणू लागले. मेजाभोवती माणसे विचारविनिमयास बसतात, म्हणून ते मंडळही 'बोर्ड'. आपली 'पंगत' अशीच ओळीपासून भोजनापर्यंत आली. कारभारापर्यंत मात्र ती पोहोचली नाही.

इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे जेवण आणि 'लॉजिंग' म्हणजे निवास. मराठीने 'बोर्डिंग' या एकाच शब्दात दोन्ही सामावून घेतले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिचे वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाले ते आपल्या सोलापुरातच. हायस्कुले शहरांत होती. अस्पृश्य मुलास तेथे प्रवेश मिळाला तरी खोली कोण देणार, कोणत्या खानावळीत त्याचे पान मांडले जाणार? शाळेचे दार उघडे असूनही भाकरीची सोय नसेल तर ते दार बंदच. म्हणून हायस्कूलच्या शिक्षणासाठी बोर्डिंग ही सवलत नव्हती, पूर्वअट होती.

त्याच काळात या शब्दाचा दुसरा अर्थ समाजासमोर निराळ्याच रूपात उभा होता. गावोगावच्या शाळा, विहिरी व धर्मशाळा लोकल बोर्डांच्या ताब्यात होत्या. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. अंमलबजावणी मात्र बऱ्याच अंशी बोर्डे व नगरपालिका यांच्या हाती होती आणि बहुतेक ठिकाणी ठराव कागदावरच राहिला. अखेर १९२६ मध्ये, अंमल न करणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोल्यांना मांडावा लागला. मेजाभोवती ज्याला खुर्ची नाही, त्याच्या पाण्याचा निर्णय खुर्चीवर बसलेले इतर लोक घेत होते. कायदेमंडळात व स्थानिक संस्थांत प्रतिनिधित्व मिळावे, हा बाबासाहेबांचा आग्रह या संदर्भात वाचावयास हवा.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि लोकल बोर्डे इतिहासजमा झाली. तरीही जुन्या पिढीच्या तोंडी गावची प्राथमिक शाळा पुढे कित्येक वर्षे 'बोर्डाची शाळा'च राहिली.