योक्मा आणि दोह्वा : कोरियन पत्रिकेतील शुभाशुभ तारे

आपल्याकडे पत्रिका म्हटली म्हणजे जन्मसमयी कोणता ग्रह कोणत्या राशीत होता याचा विचार ओघानेच येतो. परंतु कोरियातील ‘साजू’ या पद्धतीत जातकाचे भवितव्य वर्ष, मास, दिवस आणि प्रहर या चार स्तंभांवर, प्रत्येकी दोन याप्रमाणे आठ अक्षरांत मांडले जाते. दहा आकाशतत्त्वे आणि प्राण्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बारा भूशाखा यांच्या जोड्यांतून साठांचे चक्र सिद्ध होते (प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरे मोजणाऱ्या मराठी वाचकाला ही संख्या परकी वाटणार नाही), आणि त्या अक्षरांच्या परस्परसंबंधांतून जे शुभाशुभ योग निघतात त्यांना ‘सिन्साल’ म्हणतात. लोक त्यांना तारे म्हणत असले, तरी त्यांचे स्थान नभोमंडलात नसून कोष्टकात आहे.

कोष्टक समजण्यास कठीण नाही. व्याघ्र, अश्व किंवा श्वान वर्षी जन्मलेल्याच्या इतर स्तंभांत ससा आढळला तर ‘दोह्वा’ म्हणजे पीचच्या फुलांचा योग, आणि वानर आढळला तर ‘योक्मा’ म्हणजे डाकचौकीच्या घोड्याचा योग. शुभांमध्ये ‘छॉनउल ग्वीइन’ अग्रगण्य. तो असलेल्यास संकटात कोणी थोर मनुष्य हात देतो अशी श्रद्धा आहे. अशुभांमध्ये ‘बेक्हो’, म्हणजे श्वेत व्याघ्र, रक्तपात आणि अपघात यांचा सूचक मानतात. ही केवळ खेड्यापाड्यांतील समजूत नव्हती. चोसन राजवटीत खगोल व भूलक्षण यांच्याबरोबर भाग्यशास्त्राचीही सरकारी परीक्षा होत असे, आणि विवाह ठरल्यावर वराकडून त्याची आठ अक्षरे लिहिलेला कागद वधूच्या घरी रीतसर रवाना होई.

माझे लक्ष मात्र योक्माने अधिक वेधले. ज्या कृषिप्रधान समाजात पूर्वजांच्या समाधींजवळ राहून त्यांची वार्षिक कृत्ये यथासांग पार पाडणे हेच पुत्राचे परम कर्तव्य होते, त्या समाजात चौकीचौकीवर बदलल्या जाणाऱ्या सरकारी घोड्यासारखे भटकणे हे दुर्दैवच ठरणार. किम दोंग-री यांच्या ‘योक्मा’ या १९४८ च्या कथेत ह्वागेच्या बाजारातील एक आई मुलाच्या पत्रिकेतील हा योग शमावा म्हणून त्याला लहानपणी मठात धाडते, पुढे बाजाराच्या दिवशी पुस्तके विकण्यास बसवते, आणि तो स्थिरस्थावर व्हावा म्हणून जे जे शक्य ते सारे करते. अखेर तो मुलगा गोड चिक्कीचा पाट घेऊन फिरस्ता विक्रेता म्हणून निघतोच. त्या आईची धडपड वाचताना योगाच्या खरेखोटेपणाचा वाद मागे पडतो. आज परदेशी नोकरी, विमान आणि व्यापार यांच्या युगात तोच योग ज्योतिषी अभिनंदनपूर्वक सांगतात. दोह्वाचेही तसेच झाले: पूर्वी स्त्रीच्या पत्रिकेतील या योगाने सासरची मंडळी धास्तावत, आता नटनट्यांच्या बाबतीत तो लोकप्रियतेचे भांडवल गणला जातो. कोष्टक कायम राहिले. बदलली ती समाजाची गरज.

म्हणून अशुभाचा शिक्का निरुपद्रवी समजणे मला मान्य नाही. १९९० हे श्वेत अश्वाचे वर्ष होते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी हट्टी आणि नवऱ्याला जड जाणारी निघते हा समज सिन्सालांच्या कोष्टकातला नव्हे, केवळ वर्षाच्या प्राण्यावरचा. पण मुलग्याची ओढ आणि गर्भाचे लिंग उघड करणारी यंत्रे यांची त्याला जोड मिळाली. गर्भलिंग सांगण्यास १९८७ पासून कायद्याने मनाई असूनही त्या वर्षी दक्षिण कोरियात दर शंभर मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले. निसर्गतः हे प्रमाण १०५ च्या आसपास असते. जाणता साजू-पंडित आठही अक्षरांतील पंचतत्त्वांचा तोल पाहिल्यावाचून निर्णय देत नाही, आणि सिन्सालांना त्या मानाने गौण लेखतो. या मुलींचा निकाल मात्र वर्षाच्या दोन अक्षरांवर लागला, उरलेली सहा लिहिली जाण्यापूर्वीच.