गळकी केबल

28 फेब्रुवारी 1975 ची सकाळ. लंडनच्या मूरगेट स्टेशनात शिरलेली भुयारी गाडी थांबलीच नाही. अख्खा फलाट मागे टाकून ती पुढच्या बंद बोगद्याच्या भिंतीवर आदळली आणि पुढचे डबे एकमेकांत घुसले. 43 माणसे गेली. डॉक्टर आणि अग्निशामक दलाचे जवान त्या धुळीत, अंधारात, चेपलेल्या पत्र्यांमधून वाट काढत अडकलेल्यांपर्यंत पोचले. पण वरून काही मागवायचे तर खालून रेडिओ चालेना. मग निरोप घेऊन माणसे धावू लागली. एका डॉक्टरने वेदना कमी करणारा वायू मागवला. त्याचे नाव एन्टोनॉक्स. जिने चढून निरोप वर पोचला तेव्हा त्याचे ‘एम्प्टी बॉक्स’ झाले होते. डॉक्टरांना रिकामा खोका हवा आहे!

हा प्रसंग आठवला की मला तो धावणारा माणूस दिसतो. त्याने कधी न ऐकलेला शब्द जपत जपत वर नेला होता. त्याचे काय चुकले? भुयारात बोलायची सोय नव्हती, म्हणून एका माणसाला तारेचे काम करावे लागले.

भुयारात रेडिओ कसा मुका होतो, याचा अनुभव आपल्याला घरबसल्या नाही तरी गाडीत बसल्या येतो. कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली की फोनवरचे बोलणे तुटते, बोगदा संपला की पुन्हा ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते. डोंगरातून लहरी आत शिरत नाहीत हे उघड आहे. पण बोगद्याच्या तोंडातून तरी त्या आत का जात नाहीत? कारण प्रत्येक रेडिओलहरीची स्वतःची लांबी असते. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची 558 किलोहर्ट्झची लहर 500 मीटरहून लांब. लंडनच्या खोल बोगद्याचा व्यास जेमतेम साडेतीन मीटर. ती लहर त्या नळीत शिरणार कशी? जुन्या वॉकीटॉकीची दोन मीटरची लहर आत शिरते, पण भिंती तिला खाऊन टाकतात. 400 मेगाहर्ट्झच्या आसपासची, पाऊण मीटरची लहर सरळ बोगद्यात बरीच लांब जाते आणि पहिल्या मोठ्या वळणावर अडखळते. त्यात लंडनची गाडी त्या खोल बोगद्यात इतकी घट्ट बसते की पिचकारीतला दट्ट्याच म्हणावा. गाडीच्या पुढच्या टोकाला असलेला आवाज मागच्या टोकाला जायला फटच उरत नाही.

म्हणून पूर्वीच्या लोकांनी रेडिओचा नाद सोडून तार धरली होती. लंडनच्या बोगद्यांच्या भिंतीवर, चालकाच्या खिडकीच्या उंचीवर, तांब्याच्या दोन उघड्या तारा ओळीने गेलेल्या असत. गाडी बोगद्यात अडकली की चालक खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि त्या दोन तारा चिमटीत धरून एकमेकींना टेकवायचा. तेवढ्याने त्या टप्प्यातल्या रुळांचा वीजपुरवठा बंद पडायचा. मग चालक आपल्याजवळचा फोन काढायचा, त्याचे चिमटे त्या दोन तारांना लावायचा आणि नियंत्रकाशी बोलायचा. या योजनेचे मला फार कौतुक वाटते. अंधारात, घाबरलेल्या माणसाला हाताने चाचपून करता येईल इतकी ती सोपी होती. पण तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट. गाडी उभी असेल तरच बोलता येते, आणि बोलणे सुरू करायचे ते चालकाने. नियंत्रकाला धावत्या गाडीला सांगायचे असेल, ‘पुढच्या स्टेशनात धूर आहे, आत जाऊ नकोस’, तर त्या तारा काही कामाच्या नव्हत्या.

अशीच साधी सोय आपल्याकडेही आहे. लोकलमध्ये मोटरमनच्या केबिनला लागून असलेल्या डब्यात उभे राहिलात तर एक घंटी ऐकू येते. दोनदा वाजली की गाडी सोड, एकदा वाजली की थांब. मागच्या टोकाच्या गार्डने पुढच्या मोटरमनला दिलेला हा निरोप. गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण घंटीची भाषा तीच आहे. ती कधी चुकत नाही, कारण तिला सांगायच्या गोष्टीच मोजक्या आहेत. ‘तिसऱ्या डब्याखालून धूर येतोय’ हे घंटीला सांगता येत नाही. त्यासाठी माणसाचा आवाजच लागतो.

तो आवाज बोगद्यात नेण्याच्या उपायाची गरज खाणींतही होती. ब्रिटनच्या कोळसा खाणींत आणि बेल्जियमच्या संशोधकांकडे या कामाला जोर आला. त्यातून तयार झाली ती केबल आज जगभरच्या भुयारी रेल्वेत भिंतीवर काळ्या सापासारखी पसरलेली दिसते. इंजिनीअर तिला ‘लीकी फीडर’ म्हणतात, म्हणजे गळकी केबल.

एरवी केबल बनवणाऱ्याचे सगळे कसब आतला संदेश बाहेर गळू न देण्यात असते. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती फोम, त्यावर तांब्याचे नळकांडे आणि वरून काळे प्लॅस्टिक. गळक्या केबलमध्ये मात्र त्या तांब्याच्या नळकांड्याला ठरावीक अंतराने मुद्दाम खाचा पाडतात. शेतात ठिबकची नळी पाहिली असेल त्याला वेगळे समजावायला नको. पाणी नळीतून पुढे जात राहते आणि प्रत्येक छिद्रातून रोपाच्या बुंध्याशी थेंब थेंब पडते. इथे प्रत्येक खाचेतून रेडिओचा थेंब बोगद्यात पडतो. फरक एवढाच की ही नळी दोन्हीकडून चालते. चालक बोलला की त्याचा आवाज त्याच खाचांतून आत झिरपतो आणि नियंत्रण कक्षाकडे जातो. केबलमधून जेवढी शक्ती वाहते, त्यातला साधारण एक कोटीवा भाग दोन मीटरवरच्या अँटेनापर्यंत पोचतो. इतके थोडे? पण रेडिओला तेवढे पुरते. गाडी कुठल्याही वळणावर असो, केबल तिच्यापासून हाताच्या अंतरावर असते, हे त्यातले मर्म.

ठिबकची दुखणीही तिला आहेत. नळीच्या शेवटच्या टोकाला पाण्याचा जोर कमी होतो, तसा लांब गेल्यावर संदेश मंदावतो, म्हणून काही शे मीटरवर तो वाढवणारे यंत्र बसवावे लागते. त्या यंत्राला वीज लागते, आणि मोठी दुर्घटना झाली की पहिल्यांदा जाते ती वीजच, म्हणून त्याच्याजवळ बॅटरी हवी. मध्येच केबल तुटली तर पुढचा सगळा भाग कोरडा पडतो, म्हणून जाणकार तिला दोन्ही टोकांकडून संदेश देतात. चाके आणि ब्रेक घासून जी लोखंडाची बारीक भुकटी उडते ती वर्षानुवर्षे केबलवर बसते आणि खाचांतून गळणारा संदेश गिळते. गाड्यांच्या हादऱ्यांनी जोड सैल होतात. दुसरेच काही दुरुस्त करायला आलेले कामगार ती खुंटीवरून खाली घेतात आणि परत बसवताना तिची खाचांची बाजू भिंतीकडे फिरते. यातला एकही बिघाड डोळ्यांना दिसत नाही. केबल जागच्या जागी असते, फक्त एका वळणावर चालकाला ‘खर्र’ असा आवाज येऊ लागतो.

ते वळण सगळ्यात आधी कळते ते रोज गाडी चालवणाऱ्यांना. कुठल्याही भुयारी रेल्वेच्या चालकांना मुक्या जागा तोंडपाठ असतात. अमुक पंपघराजवळ बोलू नकोस, पुढचा सिग्नल गेल्यावर बोल, हे नव्या माणसाला जुना माणूस सांगतो. ही माहिती फार मोलाची आहे, आणि ती विचारून घेऊन नकाशावर मांडण्याची पद्धत असलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. रेडिओच्या कामाच्या करारात बहुधा 95 टक्के जागी आवाज पोचला पाहिजे असा आकडा असतो. कागदावर तो भरघोस दिसतो. पण आपली गाडी कुठल्या जागी बंद पडावी हे चालक ठरवत नाही. उरलेल्या पाच टक्क्यांत ती थांबली तर त्याच्यापुरता रेडिओ नाहीच.

न्यूयॉर्कमध्ये बहुतेक भुयारी गाड्यांवर दोन माणसे असतात. पुढे गाडी चालवणारा, मध्यभागी दारे सांभाळणारा कंडक्टर. शेकडो फूट अंतरावरच्या या दोघांचे आणि नियंत्रण कक्षाचे बोलणे एकाच खुल्या वाहिनीवर चालते, आणि त्याच मार्गावरच्या इतर गाड्याही तिच्यावरच बोलतात. एकाच वेळी दोघे बोलले की दोघांचेही वाया जाते. कुणाच्या रेडिओचे बटण दाबलेले अडकून राहिले तर सगळा मार्ग गप्प होतो. म्हणून तिथे शब्दांऐवजी आकडे रूढ झाले. ‘12-2’ म्हणजे आग किंवा धूर, ‘12-6’ म्हणजे गाडी रुळावरून घसरली, ‘12-9’ म्हणजे माणूस गाडीखाली आला. शेवटचा आकडा उच्चारताना चालकाच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना करवत नाही. पण तो तीन अंकांत सांगता येतो म्हणून वीज काही क्षण लवकर तोडता येते. निरोप मिळाला की तो तसाच उलट म्हणून दाखवायचा, ही शिस्तही रेल्वेत म्हणूनच आहे. मूरगेटच्या त्या धावणाऱ्याला कुणी तो शब्द परत म्हणायला लावला असता तर!

लंडनमध्ये पुढे गाड्यांवर रेडिओ आला. पण गाडीचा रेडिओ वेगळा, पोलिसांचा वेगळा, अग्निशामक दलाचा वेगळा. 18 नोव्हेंबर 1987 रोजी किंग्ज क्रॉस स्टेशनच्या लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. तिथल्या रेल्वे पोलिसाचा रेडिओ खालून चालेना, म्हणून अग्निशामक दल बोलावण्यासाठी त्याला आधी जमिनीवर धावत यावे लागले. पंधरा मिनिटांच्या आत तिकीट हॉलमध्ये आगीचा लोळ उसळला. 31 माणसे मेली. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशी अहवालाने 1988 मध्ये 157 शिफारशी केल्या. जमिनीखाली सगळ्यांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे, हीही त्यांत होती.

सगळ्या मार्गांवर एकच डिजिटल रेडिओ बसवण्याचा करार झाला 1999 मध्ये. 7 जुलै 2005 च्या सकाळी तीन भुयारी गाड्यांत बॉम्ब फुटले तेव्हा ते काम अपुरेच होते. स्फोटानंतर बोगद्यातून नियंत्रण कक्षाशी रेडिओवर बोलता येईना. आपत्कालीन सेवांपैकी फक्त रेल्वे पोलिसांचे रेडिओ खाली चालत होते. अंधाऱ्या बोगद्यातून स्टेशनापर्यंत पायी जाऊन निरोप द्यावे लागले. वर सुरुवातीला सांगितले जात होते की विजेचा दाब वाढल्याने काहीतरी झाले आहे. एकाच गाडीतले जखमी बोगद्याच्या दोन्ही टोकांच्या स्टेशनांतून बाहेर पडत होते, त्यामुळे तीन स्फोटांचे सहा-सात झाले. कुठल्या स्टेशनात रुग्णवाहिका पाठवायची? लंडन असेंब्लीच्या समितीने 2006 मध्ये हे सगळे नोंदवले आणि फेनेल अहवालाची आठवण करून दिली. 1975 मध्ये निरोपे धावले, 1987 मध्ये धावले आणि 2005 मध्येही धावले. या तीस वर्षांत गळकी केबल बाजारात मिळत होती. विज्ञान कधीच अडले नव्हते. हे वाचताना मला राग येतो, आणि तो यावा असेच मला वाटते.

वॉशिंग्टनचे उदाहरण तर आणखी अलीकडचे. 12 जानेवारी 2015 रोजी लाँफाँ प्लाझा स्टेशनातून निघालेली गाडी थोड्याच अंतरावर धुराने भरलेल्या बोगद्यात थांबली. गाडी मागे घेऊ का, हे चालक रेडिओवर विचारत राहिला. मागच्या फलाटावर दुसरी गाडी उभी होती. मदतीला आलेल्या अग्निशामक दलाचे रेडिओ खाली नीट चालेनात. चारच दिवसांपूर्वी त्याच दलाने तिथे चाचणी घेतली होती, आवाज पोचत नसल्याचे आढळले होते आणि तसे मेट्रोला कळवलेही होते. एका प्रवासी बाईंचा जीव गेला, ऐंशीहून अधिक माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. दल म्हणते रेडिओ आमचा, भुयारातली केबल तुमची. मेट्रो म्हणते केबल आमची, संच तुमचे. या दोन मालकांच्या मधल्या जागेतच आवाज हरवतो.

केबल धड असूनही घात होतो, हे कोरियातल्या देगूने दाखवले. 18 फेब्रुवारी 2003 रोजी एका माणसाने गाडीत आग लावली. त्या गाडीच्या चालकाने नियंत्रण कक्षाला वेळेवर कळवले नाही. समोरून दुसरी गाडी जळत्या गाडीशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या चालकाचे कक्षाशी बोलणे होत होते, पण दारे उघडा आणि माणसांना बाहेर काढा, हे शब्द वेळेत कुणी उच्चारले नाहीत. शेवटी चालक किल्ली काढून निघून गेला आणि दारे मिटली. 192 माणसे मेली, त्यांतली बहुतेक या दुसऱ्या गाडीतली.

मुंबईची मेट्रो 3 आरे ते कफ परेड अशी 33.5 किलोमीटर, जवळजवळ सगळी भुयारातून धावते. ती सुरू झाली तेव्हा मोबाइलला रेंज नाही म्हणून प्रवाशांनी तक्रारी केल्या. त्या रास्त होत्या. पण एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या फोनची रेंज आणि चालकाचा रेडिओ या दोन अगदी वेगळ्या व्यवस्था आहेत. भारतातल्या मेट्रोंत बहुतेक ठिकाणी टेट्रा नावाची डिजिटल पद्धत आहे. तिच्यात आणीबाणीचे बटण दाबले की बाकीची बोलणी बाजूला सारून त्या चालकाला वाट मिळते. आपल्या फोनवर एकही दांडी नसली तरी केबिनमधला आवाज पोचू शकतो. तो खरोखर पोचतो का, हे मात्र प्रवाशाला कधीच कळत नाही.

ते पाहणारी माणसे रात्री उतरतात. शेवटची गाडी गेली आणि मार्गावरची वीज तोडली की पहिल्या गाडीपर्यंत तीन-चार तास मिळतात. हातात मोजणी यंत्र घेऊन एक जण रुळांतून चालतो, दुसरा आकडे टिपतो, तिसरा शिडीवर चढून केबलवरची लोखंडी भुकटी फडक्याने पुसतो आणि खाचांची बाजू पुन्हा रुळांकडे वळवतो. वळणावर थांबून ते कंट्रोलला हाक मारतात. उत्तर खर्र आले तर दोन पावले पुढे जाऊन पुन्हा हाक मारतात, आणि त्या जागी भिंतीवर खडूने खूण करतात.