मैदानावरचा भोंगा किती मोठा?

मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडसारख्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असली की चौकार पडताच गाणं वाजतं, षटक संपेपर्यंत समालोचकाचा मालवणी फटका. त्याशिवाय रंगत नाही, हे मान्यच. पण ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. मैदानाच्या हद्दीवर आवाज 75 डेसिबलच्या वर जाता कामा नये, असं सगळे सांगतात. नियम त्याहून कडक आहे : त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75, यांतलं जे कमी ते. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55, म्हणजे हद्दीवर 65च! 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते.

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा बंद. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

आयोजकांनो, एका उंच खांबावर मोठा कर्णा नको. प्रेक्षकांजवळ छोटे स्पीकर लावा, तोंडं मैदानाकडे ठेवा. शेजारच्या घरात कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल.