‘अंदाजाने’ म्हणजे किती?

गाणगापूरला दुपारी बाराच्या सुमारास गेलात तर झोळी घेऊन माधुकरी मागणारे भाविक दिसतात. श्रीगुरू नृसिंह सरस्वती आजही त्या वेळी भिक्षेला येतात, ही श्रद्धा. निदान पाच घरं मागायची अशी रीत. कुठे भाकरी मिळते, कुठे पोळी, कुठे वरण-भात. पाच हातांच्या चवी एकाच जेवणात येतात आणि रेसिपी मात्र कुणी कुणाला विचारत नाही!

आपल्या पिढीला ती लागते. ‘मीठ अंदाजाने’ असं वाचलं की माझ्यासारख्या बीईवाल्याचा पहिला प्रश्न, अंदाज म्हणजे किती ग्रॅम? १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं दिली, म्हणून तर घरापासून लांब राहणाऱ्या कितीतरी जणांना स्वयंपाक जमला. तेव्हा मापाला नावं ठेवायचं कारण नाही.

पण याच भागातल्या ज्वारीच्या भाकरीचं माप लिहून बघा. ज्वारीत ग्लुटेन नसतं. पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा कढत पाण्याने आणि मळण्याने आणावा लागतो. पीठ ताजं असेल तर भाकरी सहज थापली जाते. तेच पीठ डब्यात जुनं झालं की विरी जातं, कडा चिरतात, आणि मागच्या वेळचं पाण्याचं माप या वेळी चालत नाही. डाळीचंही तसंच. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण ती नामांकित डाळसुद्धा जुनी असली किंवा पाणी जड असलं तर शिजायला वेळ घेते. ‘तीन शिट्ट्या’ मग कुणाच्या कुकरच्या? चिंच मात्र डाळ मऊ झाल्यावरच घालायची, कारण आंबटामुळे ती लवकर शिजत नाही. आकडे बदलले तरी चालतात, हा क्रम बदलून चालत नाही.

घरातल्या मोठ्या बायकांच्या सूचना आठवा. तेल सुटेपर्यंत परत. खमंग वास येईपर्यंत भाज. दोन बोटांत तार येईपर्यंत पाक उकळू दे. यात आकडा नाही, पण मोघमपणाही नाही. प्रोग्रामिंगमध्ये एक लूप ठरलेल्या वेळा फिरतो, दुसरा अट पूर्ण होईपर्यंत. आजीची रेसिपी दुसऱ्या जातीची, आणि तिची अट डोळ्यांनी, नाकाने, बोटांनी तपासायची असते. ती कागदावर फारशी उतरलेली नाही. ज्यांना माहीत आहे त्यांची वयं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत.

म्हणून घरी फोन केलात की ‘किती घालू?’ याच्या आधी ‘काय दिसलं की थांबू?’ हे विचारा, आणि तेच लिहून ठेवा. व्हिडिओ कॉलवर भाकरी थापताना चेहऱ्यापेक्षा हात दिसू देत. लोणच्याचं मीठ तेवढं मोजूनच घ्या. ते कमी पडलं तर बुरशी येते.